माणसांमुळे माणूस

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला राहणाऱ्या झुलू लोकांत एक म्हण आहे : 'उमुन्तु न्गुमुन्तु न्गाबान्तु'. माणूस माणसांमुळे माणूस होतो, असा तिचा अर्थ. या म्हणीतल्या विचाराला ते लोक 'उबुन्तु' म्हणतात. या शब्दाची घडण आपल्याला परकी वाटू नये. 'न्तु' हा माणूसवाचक धातू. त्याला आरंभी 'उबु' जोडले की भाववाचक नाम तयार होते. आपणही 'माणूस' या शब्दाला 'की' लावून 'माणुसकी' केलीच आहे. ते प्रत्यय पुढे लावतात, आपण मागे लावतो, एवढाच फरक.

पण शब्द सारखे असले तरी ते वापरण्याची रीत सारखी नाही. 'अमक्याने माणुसकी दाखवली' असे आपण म्हणतो. म्हणजे माणुसकी ही ज्याच्या त्याच्या गाठी असलेली पुंजी; मनात आले तर काढून दाखवावी, नाही तर कनवटीला ठेवावी. झुलू म्हणीचे म्हणणे निराळे आहे. माणुसकी ही मुळात मिळालेली वस्तू आहे, असे ती सांगते. थोडा विचार केला तर ते खरेही वाटते. आपले नाव आपण ठेवलेले नसते. बारशाला जमलेल्या बायकांनी ते आपल्या कानात सांगितलेले असते. भाषा आईकडून आणि आळीतल्या पोरांकडून आलेली असते. लाजावे कशाची आणि अभिमान धरावा कशाचा, हेदेखील कोणी तरी शिकवलेले असते. 'मी' म्हणून ज्याला आपण मिरवतो, त्यातले उसने वजा केले तर बाकी किती उरेल, हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

येथवर कोणाचा वाद नसावा. अडचण पुढे आहे. जी वस्तू माणसांनी दिली, ती त्यांना परत घेता येते काय? या लेखात मला विचार करावयाचा आहे तो या प्रश्नाचा. आणि त्यासाठी आफ्रिकेला जाण्याचे कारण नाही. पेण आणि रोहे हे दोन तालुके पुरेसे आहेत.

तशी या मुलखाला आफ्रिका कधीच फार दूर नव्हती. मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळे हा प्रदेश १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांचा होता. जुनी माणसे त्याला हबसाणच म्हणत. ख्रिस्ती समाजही येथे कालपरवा आलेला नाही. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जेथे समुद्राला मिळते, तेथे कोर्लईचे गाव आहे. पोर्तुगीज १७४० मध्ये हा मुलूख सोडून गेले. पण तेथली ख्रिस्ती मंडळी आजही आपापसांत पोर्तुगीज वळणाची एक बोली बोलतात. तिचे नाव 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा'. राज्य गेले, सरदार गेले, आणि शेकड्यांनी मोजावी इतकी माणसे एकमेकांना धरून राहिली म्हणून एक भाषा जगली.

पेण म्हटले की लोकांना गणपती आठवतात, पोहे आठवतात. गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढणारा एक, रंग देणारा दुसरा आणि डोळ्यांची आखणी करणारा तिसरा. त्या मूर्तीवर एकाचा हक्क सांगणे कठीणच. याच पेण तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. त्यांच्या लहानपणची एक गोष्ट ते पुढे सांगत. अंगणातला फणस पिकला की आई आधी गावातल्या घराघरांतून गरे वाटायला लावी आणि मग घरात खायला देई. देणारा तो देव आणि राखून ठेवणारा राक्षस, असे तिचे साधे गणित. रोह्याला १९ ऑक्टोबर १९२० रोजी पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. त्यांनी गावोगाव 'योगेश्वर कृषी' उभी केली. गावाने एक शेत देवाचे मानावयाचे, प्रत्येकाने वर्षातले काही दिवस तेथे पुजारी म्हणून राबावयाचे, आणि येणारे पीक कोणा एकाचे न समजता गरजवंताच्या घरी पोहोचवावयाचे. किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी तसेच 'मत्स्यगंधा' नावेवर पाळीपाळीने जावयाचे. फिलिपीन्समध्ये दिला जाणारा मॅगसेसे पुरस्कार विनोबांना १९५८ मध्ये आणि पांडुरंगशास्त्र्यांना १९९६ मध्ये मिळाला. आणि दोघांनाही तो मिळाला एकाच सदरात, समाजनेतृत्वासाठी. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांनी हे साधावे, हा योगायोग लहान नव्हे.

विनोबांच्या विचाराचा एक झरा तर थेट आफ्रिकेतून आणि ख्रिस्ती जीवनातून आलेला आहे. १८९५ मध्ये, विनोबा जन्मले त्याच वर्षी, तरुण गांधीजी नाताळ प्रांतातल्या मारियानहिल येथील ट्रॅपिस्ट साधूंचा मठ पाहावयास गेले होते. मौन पाळणारे, शाकाहार करणारे, सुतारकीपासून चांभारकामापर्यंत सर्व कामे हातांनी करणारे आणि झुलूंना बरोबरीने वागवणारे ते साधू पाहून ते भारावले आणि त्यांनी त्यावर लेखही लिहिला. १९०४ मध्ये आगगाडीच्या प्रवासात त्यांच्या हाती रस्किनचे पुस्तक पडले, आणि त्याच वर्षी डर्बनजवळ फिनिक्सची वसाहत उभी राहिली. त्या पुस्तकाचे नावच मुळी येशूच्या एका दृष्टांतावरून घेतलेले आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर लावतो, मग सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी आणि शेवटी दिवस मावळायला आला असताना नाक्यावर बसून राहिलेल्यांनाही लावतो. संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी देतो. पहाटेचे मजूर कुरकुरतात. आपणही कुरकुरलो असतो. पण मालकाने मोजले ते काम नव्हे, तर मजुराच्या घरचे पोट. शेवटच्या मजुराचाही वाटा पहिल्याइतकाच, या विचाराला गांधीजींनी गुजराती रूप दिले तेव्हा त्याचे नाव ठेवले 'सर्वोदय'. पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत चाळीस हरिजन कुटुंबांनी ऐंशी एकर मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केली, तेव्हा विनोबांच्या भूदानाला प्रारंभ झाला. गॅलिलीतला दृष्टांत नाताळवरून फिरून गागोद्याच्या फणसाला येऊन मिळाला, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

परंतु या सुंदर चित्राची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. फिनिक्सच्या सहजीवनात मुख्यतः हिंदी आणि युरोपीय माणसे होती. भोवतालचे झुलू शेजारी राहिले, घरचे झाले नाहीत. ज्यांच्या म्हणीत माणुसकीचा अर्थ भरला होता, तेच त्या वर्तुळाच्या बाहेर होते. आणि आपल्याकडची गोष्ट तर याहून कडवट आहे. याच जिल्ह्यात, त्याचे नाव कुलाबा होते तेव्हा, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. गुरेढोरे ज्या तळ्यावर पाणी पीत, तेथे माणसांना मनाई होती. मनाई करणारे कोणी दरोडेखोर नव्हते. एकमेकांच्या सुखदुःखाला धावून जाणारे चांगले गावकरीच होते.

हेच दुखणे आमच्या गावकीत अजून शिल्लक आहे. त्याचे नाव वाळीत टाकणे. कोणी गावकीच्या मर्जीविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला, कोणी जातीबाहेर लग्न केले, कोणी ठरलेली वर्गणी वा दंड दिला नाही, की त्या घराशी बोलणे बंद. दुकानदार मीठमिरची देत नाही, लग्नाचे आमंत्रण येत नाही, मयताला खांदा मिळत नाही. जो बोलेल त्यालाही दंड. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी इतक्या येऊ लागल्या की सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करण्याच्या मागणीला त्यांनी जोर आणला. विधिमंडळाने २०१६ मध्ये तो संमत केला आणि २०१७ मध्ये तो अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड वा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्येही बहिष्कारबंदीचा एक कायदा केला होता. पण धर्मपंथाला आपले अंतर्गत व्यवहार चालवण्याचा अधिकार आहे या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द ठरवला.

येथे 'माणूस माणसांमुळे माणूस' ही म्हण अंगावर येते. ती खरी आहे म्हणूनच वाळीत टाकण्याला धार आहे. एकटा माणूस स्वयंपूर्ण असता, तर गावाने बोलणे सोडल्याने त्याचे काय बिघडले असते? वाळीत टाकणाऱ्यांना उबुन्तुचे मर्म पक्के ठाऊक असते. ते त्याचा उपयोग मात्र हत्यारासारखा करतात. म्हणून 'सहजीवन', 'एकोपा', 'समाज' हे शब्द ऐकले की लगेच मान डोलवू नये, असे मला वाटते. हा एकोपा बाहेर पडू पाहणाऱ्याला कसा वागवतो, हे आधी विचारावे.

ख्रिस्ती लोकांच्या 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात पहिल्या मंडळीचे वर्णन आहे. त्यांचे सर्व काही सामाईक होते. ज्याला जशी गरज तसे मिळे. पण त्याच ठिकाणी हनन्याची गोष्ट आहे. त्याने शेत विकले, काही पैसा मागे ठेवला आणि सगळे दिल्याचे सोंग केले. पेत्र त्याला जे बजावतो त्याचा रोख ध्यानात घेण्यासारखा आहे : शेत तुझेच होते, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता, मग खोटे कशाला? न देण्याची मोकळीक होती. दोष होता तो सोंगाचा. टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे श्रद्धाळू कॅथलिक. १९६७ मध्ये त्यांनी 'उजामा', म्हणजे कुटुंबभाव, हे राष्ट्राचे ध्येय ठरवले. हेतू निर्मळ होता. पण १९७३ नंतर लक्षावधी माणसांना जबरीने नव्या गावांत हलवण्यात आले, आणि कुटुंबभाव सरकारी हुकमाने येईना. उलट विनोबा तेरा वर्षे पायी फिरले आणि जमीन मागितली ती हात जोडून. दानातली पुष्कळ जमीन निकस निघाली, पुष्कळ कागदावरच राहिली. हे अपयश झाकण्यात अर्थ नाही. तरी जे दिले गेले ते कोणाच्या धाकाने नव्हे, ही त्याची प्रतिष्ठा आहे.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? माणसांनी दिलेली माणुसकी माणसांना परत घेता येत नाही, असे माझे मत आहे. कारण देणारे तिचे मालक नव्हेत. त्यांनाही ती दुसऱ्या कोणी तरी दिली होती. जमीन जशी विनोबा कोणाच्या मालकीची मानत नसत, तशीच ही. विश्वस्ताला वाटप करता येते, जप्ती करता येत नाही. शिवाय, जो दुसऱ्याला माणसांतून उठवतो तो स्वतःची एक बाजू तोडून टाकतो. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेझमंड टुटू हेच सांगत आले : दुसऱ्याचे माणूसपण हिरावणाऱ्याचे स्वतःचेही माणूसपण झिजते. तेथल्या घटना न्यायालयाने १९९५ मध्ये फाशीची शिक्षा रद्द केली तेव्हा न्यायाधीशांनी उबुन्तुचा आधार घेतला. टुटूंच्या अध्यक्षतेखालील सत्य आणि सलोखा आयोगाने वर्णद्वेषी राजवटीतल्या गुन्हेगारांना, सत्य संपूर्ण सांगण्याच्या अटीवर, परतीची वाट दिली.

ही वाट स्वस्त नव्हती. स्टीव्ह बिको १९७७ मध्ये पोलिसांच्या कोठडीतल्या मारहाणीने मेले. त्यांच्या घरच्यांनी अशा माफीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि १९९६ मध्ये ते हरले. क्षमा समाजाने करावी आणि तिची किंमत विधवेने मोजावी, हा कोठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. त्याला सरळ उत्तर मजजवळ नाही. एवढे मात्र खरे की बिकोंच्या मृत्यूबद्दल माफी मागणाऱ्या पोलिसांनी पुरते सत्य सांगितले नाही म्हणून आयोगाने १९९९ मध्ये त्यांना ती नाकारली. दार उघडे असणे म्हणजे उंबरठाच नसणे नव्हे.

रोह्याच्या पांडुरंगशास्त्र्यांना १९९७ मध्ये टेम्पलटन पारितोषिक मिळाले. तेच २०१३ मध्ये टुटूंना मिळाले. एक गीता सांगणारा, दुसरा बायबल सांगणारा. दोघांनीही माणसाला माणसाच्या दारी जायला लावले, आणि कायद्याला जे करता येत नाही ते हेच. कायदा वाळीत टाकणाऱ्याला तुरुंगात घालील. पण बंद पडलेले बोलणे पुन्हा सुरू करून देणार नाही. ते कोणी तरी आपणहून सुरू करावे लागते.

दिवाळीत आपण फराळाची ताटे झाकून शेजारी पाठवतो. ताट रिकामे परत येत नाही, हाही आपला रिवाज. ताटे कोणाकोणाकडे जायची याची यादी घरोघर पाठ असते. यंदा ती यादी मुलांना मोठ्याने म्हणायला लावावी आणि तिच्यात कोणते घर नाही ते त्यांनाच विचारावे. मुले बरोबर सांगतात. मग एक ताट वाढवून त्यांच्याच हाती द्यावे.