शब्द उडतात, अक्षर उरते?

'व्हर्बा व्होलांट, स्क्रिप्टा मॅनेंट' अशी एक जुनी लॅटिन म्हण आहे. बोललेले शब्द उडून जातात, लिहिलेले मागे राहते, असा तिचा सरळ अर्थ. युरोपातील वकील आणि व्यापारी ही म्हण शतकानुशतके वापरत आले. तोंडी व्यवहार करू नका, कागद करून घ्या, हा शहाणपणाचा सल्ला ते तिच्या आधाराने देत. परंपरा अशी सांगते की, हे वचन रोमच्या सिनेटसभेतील एका भाषणात उच्चारले गेले. तसे असेल, तर लेखनाची थोरवी सांगणारी ही म्हण स्वतः मात्र प्रथम बोलली गेली, असे म्हणावे लागेल!

आपली मराठीही या बाबतीत मागे नाही. न बदलणाऱ्या गोष्टीला आपण 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणतो आणि पोकळ बोलण्याची 'बोलाचीच कढी, बोलाचाच भात' म्हणून थट्टा करतो. लिपीतील खुणेला आपण 'अक्षर' म्हणतो. अक्षर म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. पण त्याच मराठीत आपण 'शब्द देतो', 'शब्द पाळतो' आणि 'शब्दाला जागतो'. तिथे कागदाची गरजही कोणाला भासत नाही. म्हणजे आपल्या भाषेने दोन्ही बाजू जपून ठेवल्या आहेत. लॅटिन म्हणीचाही काही जण उलटा अर्थ लावतात. लिहिलेले शब्द कागदावर निश्चल पडून राहतात. बोललेल्या शब्दांना पंख असतात, ते एका हृदयातून दुसऱ्या हृदयात उडत जातात, असे ते म्हणतात.

मग वाचकहो, खरोखर टिकते ते काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी आपणांस तंजावूरच्या राजवाड्याच्या परिसरात घेऊन जाऊ इच्छितो. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत चालली. महाराष्ट्रापासून शेकडो मैल दूर, तमिळ मुलखाच्या मध्यभागी, मराठी माणसाने लिहिलेले आणि बोललेले दोन्ही तेथे पिढ्यान्‌पिढ्या साठत गेले.

'लिहिलेले राहते' याचा पुरावा शोधावा तर याहून चांगली जागा सापडणे कठीण. बृहदीश्वराच्या प्राचीन मंदिराच्या आवारातील भिंतींवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. सरफोजी महाराजांचे चिटणीस बाबूराव यांनी तो रचला आणि १८०३ मध्ये तो दगडावर उतरला. भारतातील विस्तीर्ण शिलालेखांत त्याची गणना होते. काळ्या दगडावरची रेघ ही नुसती म्हण न राहता तेथे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहावयास मिळते. राजवाड्यातच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. त्याचा आरंभ नायक राजांच्या काळातला. परंतु त्याला खरे वैभव आणले ते सरफोजी महाराजांनी. १८२० ते १८२२ या काळात ते काशीयात्रेस गेले, तेव्हा तिकडूनही त्यांनी हस्तलिखिते मिळवून आणली. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी पोथ्यांच्या जोडीला इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशा भाषांतील हजारो छापील ग्रंथ त्यांनी संग्रहिले. १९१८ मध्ये हे भांडार सर्वांसाठी खुले झाले.

मात्र थोडे अधिक खोलात शिरले, की म्हणीचा खांब डळमळू लागतो. तंजावूरच्या दरबारी दप्तराची शेकडो गाठोडी शिल्लक आहेत. त्यांत हिशेब आहेत, दानपत्रे आहेत, अन्नछत्रांच्या जमाखर्चाच्या नोंदी आहेत. हे सारे मोडी लिपीत आहे आणि आज मोडी वाचणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. कागद राहिला, शाई राहिली, पण वाचणारा नसेल, तर ते लेखन राहिले असे म्हणता येईल काय? कुलूप शाबूत आहे आणि किल्ली हरवली आहे, अशी ती स्थिती.

याच्या उलट, जे उडून जावयास हवे होते ते उरले आहे. तमिळनाडूत स्थायिक झालेल्या जुन्या मराठी कुटुंबांत आजही घरात मराठी बोलली जाते. त्यांपैकी अनेकांना देवनागरी वाचता येत नाही; लिहिणे-वाचणे तमिळमध्ये किंवा इंग्रजीत होते. त्या बोलीत तमिळचे शब्द मिसळले आहेत आणि काही जुने मराठी शब्दही तिने सांभाळले आहेत. तीनशे वर्षांहून अधिक काळ ही भाषा मुख्यतः आईच्या ओठांवरून लेकराच्या कानात गेली. तिला शिलालेखाचा आधार नव्हता.

कथेचेही तसेच झाले. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तंजावुरास येत. त्यांचे कीर्तन ऐकून तंजावूर कृष्ण भागवतर यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. ते १९०३ मध्ये वारले. पण साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी नावे तमिळ हरिकथेच्या परिभाषेत रुजून गेली. ख्रिस्ती परंपरेतही याला जोड सापडते. तंजावूरचे ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४) यांनी तमिळमध्ये रचलेली भक्तिगीते गाइली जात आणि त्या गायनातूनच लोकांपर्यंत पोहोचत. पुढे महाराष्ट्रात रेव्ह. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनाचा मार्ग धरला, तोही बोललेल्या शब्दाची ही शक्ती ओळखूनच.

इसापच्या गोष्टींचा प्रवास तर दोन्ही बाजूंना एकत्र आणणारा आहे. इसाप हा गुलाम होता असे परंपरा सांगते; त्याच्या हातचा लिहिलेला एकही कागद नाही. त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी कित्येक पिढ्या तोंडोतोंडी फिरल्या. पहिल्या शतकात फीड्रसने त्या लॅटिन पद्यात आणल्या. पुढे त्या युरोपच्या भाषाभाषांत पसरल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरफोजी महाराजांच्या राजवाड्यातील छापखान्यात 'बालबोध मुक्तावली' या नावाने मराठीत नागरी अक्षरांत छापल्या गेल्या. सख्खन पंडितांनी ते भाषांतर केले. मराठी मुद्रणाच्या अगदी पहाटेचे हे पुस्तक. बोललेले लिहिले गेले म्हणून दूरवर गेले. आणि लिहिलेले पुन्हा आजी-आजोबांच्या तोंडी आले म्हणून जिवंत राहिले.

येथवर आपण भाषा आणि कथा यांचा विचार केला. परंतु ही म्हण ज्या क्षेत्रातून आली ते क्षेत्र व्यवहाराचे, करारमदाराचे, विश्वासाचे आहे. तेथे तिची खरी परीक्षा होते, आणि त्या परीक्षेची कथाही तंजावुरातच घडली आहे.

रेव्ह. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ चा, प्रशियातला. हाले येथे शिक्षण घेऊन ते १७५० मध्ये तरंगमबाडीस मिशनरी म्हणून आले आणि आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी तंजावुरात घालविली. तो काळ कराराच्या कागदांचा होता. १७६९ च्या तहात कंपनीने हैदरअलीला मदतीचे वचन दिले होते आणि प्रसंग येताच ते पाळले नाही. १७७३ मध्ये तंजावूरचे राज्य अर्काटच्या नवाबासाठी कंपनीच्याच फौजेने घेतले आणि १७७६ मध्ये ते तुळजाजी राजांना परत देण्यात आले. अशा उलथापालथीत कोणाच्या सहीशिक्क्यावर विश्वास ठेवावा हे रयतेला कळेनासे झाले, यात नवल नाही.

पुढे हैदरअलीच्या स्वारीत तंजावूरच्या किल्ल्यात दुष्काळ पडला. बाहेर गावोगाव धान्य होते, पण ते आत आणण्यासाठी बैल मिळत नव्हते. पैसे देऊ, असे राजे सांगत होते, कंपनीचे अधिकारीही सांगत होते. पण लोक बैल द्यावयास तयार नव्हते. शेवटी श्वार्ट्झ यांना विनंती करण्यात आली. त्यांनी आसपासच्या गावांना पत्रे पाठविली: मोबदला मी स्वतःच्या हाताने देईन, आणि या कामात कोणाचा बैल गमावला तर त्याची भरपाईही मी करीन. एक-दोन दिवसांत हजारभर बैल मिळाले आणि ऐंशी हजार कलम (कलम हे त्या प्रांतातील धान्याचे माप) धान्य किल्ल्यात आले, असे त्यांनी नमूद करून ठेवले आहे.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून पाहा. राजाचा कागद होता, कंपनीचा कागद होता आणि श्वार्ट्झ यांचाही कागदच होता. शाई तीच, लिहिण्याची रीतही तीच. तरीही दोन कागदांवर एक बैलही हलला नाही आणि तिसऱ्या कागदावर शहराचे प्राण वाचले. फरक लेखनात नव्हता. त्या पत्रामागे एक माणूस उभा होता आणि तो शब्दाला जागतो, हे खेड्यातल्या शेतकऱ्याला ठाऊक होते.

श्वार्ट्झ यांना निर्दोष ठरविण्याचा येथे हेतू नाही. १७८७ मध्ये तुळजाजी राजांनी मृत्युशय्येवरून आपला दत्तक पुत्र सरफोजी याला त्यांच्या स्वाधीन करू पाहिले, तेव्हा त्यांनी संकोच केला आणि राजांचे बंधू अमरसिंह यांच्याकडे पालकत्व द्यावे असे सुचविले. तो सल्ला मुलाला महाग पडला. अमरसिंह गादीवर बसले आणि मुलाचे शिक्षण खुंटले, त्याला त्रास होऊ लागला. तेव्हा मात्र श्वार्ट्झ यांनी मृत राजाची इच्छा मनावर घेतली. मुलाला मद्रासला हलविण्यात आणि त्याचे शिक्षण सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला व त्याच्या हक्कासाठी कंपनीकडे सतत पाठपुरावा केला. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी ते वारले. त्याच वर्षी काही महिन्यांनी सरफोजी गादीवर आले. शब्दाचे फळ श्वार्ट्झ यांना पाहावयास मिळाले नाही.

सरफोजी महाराजांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. ते आपल्या धर्मात राहिले आणि तरीही आपल्या या गुरूचे ऋण त्यांनी कधी विसरले नाही. इंग्लंडमधील प्रख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून त्यांनी संगमरवरी स्मारक करवून घेतले. शिवगंगा तलावाजवळील चर्चमध्ये ते आजही आहे. मरणासन्न श्वार्ट्झ यांचा हात राजाने हाती घेतला आहे, असे ते दृश्य. समाधीवरील इंग्रजी पद्यही महाराजांनी स्वतः रचले.

आता दुसरा कागद पाहा. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. सरफोजींना तंजावूरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि वसुलीच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एवढे राहिले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजी राजे पुत्राविना वारले, तेव्हा कंपनीने गादी संपविलीच. शिवाय राजघराण्याच्या खासगी मालमत्तेवरही हात टाकला. राणी कामाक्षीबाई न्यायालयात गेल्या. मद्रासच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, त्यात न्यायालयाला हात घालता येणार नाही, असे सांगण्यात आले. तह, दप्तरे, सह्या सारे काही होते. 'स्क्रिप्टा मॅनेंट' हे अक्षरशः खरे होते. मात्र ते लिहिलेले पाळावयास कोणी बांधील नव्हते.

मला वाटते, या सर्वांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. शब्द बोललेला आहे की लिहिलेला, यावर त्याचे टिकणे अवलंबून नसते. ज्याने तो दिला तो त्यामागे किती काळ आणि कोणती किंमत देऊन उभा राहतो, यावर ते अवलंबून असते. कागद हा विश्वासाचा साक्षीदार आहे. तो विश्वासाची जागा घेऊ शकत नाही. अर्थात साक्षीदाराचे मोलही कमी लेखू नये. श्वार्ट्झ यांनी ती हकिगत लिहून ठेवली नसती, तर बैलांची ही कथा आपणांपर्यंत कशी आली असती? आणि दुर्बळ माणसाला तर लेखी पुराव्याचा आधार हवाच असतो. भूमिहीनाचा सातबारा, विधवेचे मृत्युपत्र, मजुराची पावती यांची थट्टा ज्यांची कधी फसवणूक झाली नाही, तेच करू शकतात.

आपल्या शुभवर्तमानातही ही दोन्ही सूत्रे आहेत. प्रभू येशूने एकही ग्रंथ लिहिला नाही. त्याने लिहिल्याची नोंद एकदाच येते; व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीला त्याच्यापुढे उभे केले, तेव्हा तो बोटाने धुळीत लिहीत होता. काय लिहिले हे कोणी सांगत नाही, आणि धूळ तर वाऱ्याने उडाली. तिच्यावर दगड उचलणाऱ्यांच्या बाजूने लेखी नियमशास्त्र होते. तिला जीवदान मिळाले ते त्याच्या मुखातील शब्दाने. आपले होय ते होय आणि नाही ते नाही असावे, ही त्याचीच शिकवण. पौल करिंथकरांना त्यांचे स्वतःचे जीवन हेच ख्रिस्ताचे पत्र असल्याची आठवण देतो. ते शाईने लिहिलेले नाही आणि दगडी पाट्यांवरही नाही, तर मानवी अंतःकरणावर लिहिलेले आहे. बृहदीश्वराच्या भिंतींजवळ उभे राहून या विचाराचे मनन केले, तर तो अधिक खोल जाईल.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळीच्या नोंदवहीत आपल्या बाप्तिस्म्याची नोंद आहे. विवाहाच्या नोंदवहीत आपली सही आहे. आपण गेल्यानंतरही ती शाई राहील. तिच्याशेजारी वेदीपुढे उच्चारलेले वचन होते, ते कोठे आहे? आजारी वडिलांना, धाकट्या भावाला, शेजारच्या अनाथ मुलाला आपण केव्हातरी 'मी आहे' असे म्हटले असेल. त्याची नोंद कोठेच नाही, साक्षीदारही कदाचित उरला नसेल. तो शब्द उडून जावा की राहावा, याचा निर्णय लॅटिन म्हण करणार नाही. तो आपणांसच करावयाचा आहे. आणि ज्याला आपण तो शब्द दिला, तो बहुधा अजून वाट पाहत असेल.