चहाबिहा आणि अल्प स्मृतीचं यंत्र

आमच्या तालुक्याचं नाव कन्नड. फोनवर ते लिहिताना क, न, पाय मोडल्याची खूण, पुन्हा न आणि ड अशा पाच खुणा ओळीने यंत्रात जातात. पडद्यावर अक्षरं दिसतात तीन. आता आधीचं काहीच न लिहिता नुसती वेलांटी टाकून बघा. तिच्याशेजारी ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ उमटतं. ते वर्तुळ म्हणजे यंत्राचा नकार: या जागी वेलांटी येऊ शकत नाही, तिला टेकायला व्यंजन हवं.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ज्या विषयाची धास्ती असते, तो टीओसी (थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन), म्हणजे औपचारिक भाषा आणि ऑटोमेटा, त्याचा पहिला धडा या वर्तुळात आहे. चिन्हांची एक माळ समोर आली तर ती नियमात बसते का, हे ठरवायला यंत्राला किती लक्षात ठेवावं लागतं? सगळा विषय या एका प्रश्नाभोवती फिरतो. देवनागरी अक्षर ओळखायला फारच थोडं पुरतं. सुरुवातीला आहोत, व्यंजन येऊन गेलंय, पाय मोडलाय, की मात्रा लागलीय, अशा चार-पाच अवस्था झाल्या की काम भागतं. मागे काय काय येऊन गेलं याची नोंद लागत नाही. ‘कार्त्स्न्य’ या शब्दातली पाच व्यंजनांची गाठसुद्धा हे यंत्र त्याच अवस्थांमध्ये ये-जा करत सोडवतं. अशी मर्यादित यंत्रं नेमक्या कोणत्या भाषा ओळखतात, हे स्टीफन क्लीनी यांनी १९५६ साली मांडलं. त्याच वर्षी नोम चॉम्स्की यांनी व्याकरणांची प्रतवारी सुरू केली.

आणि आपण वर्गात काय शिकवतो? ए आणि बी. ए नंतर किती बी आले, सम की विषम. मी स्वतः कित्येक वर्षं असंच शिकवलं. मुलं आकृत्या पाठ करतात, पास होतात आणि विसरतात. बाराखडी गिरवताना ज्यांनी हे यंत्र हाताने चालवलं, त्यांनाच ते परकं वाटावं, हे मला पटत नाही.

दोन चिन्हांच्या माळाच हव्या असतील तर त्याही इथून फार लांब नाहीत. कन्नडहून घाट उतरून चाळीसगाव तालुक्यात गेलं की पाटण लागतं. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापला. तसा इ.स. १२०७चा शिलालेख आहे आणि तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. ‘लीलावती’त भास्कराचार्य विचारतात, सहा अक्षरांच्या चरणाचे लघु-गुरूंनी किती प्रकार होतील? उत्तर ६४. चारही चरणांची २४ अक्षरं एकत्र धरली तर १,६७,७७,२१६. दोन चिन्हांच्या २४ लांबीच्या सगळ्या माळांची ही मोजणी आहे आणि लघु-गुरू मुलांना शाळेतच भेटलेले असतात. म्हणून ऑटोमेटा आपल्याकडे आधीच होतं असं मी म्हणणार नाही. माळा मोजणं वेगळं आणि त्या ओळखायला किती स्मृती लागते हे विचारणं वेगळं. दुसरा प्रश्न विसाव्या शतकाचा आहे, त्याचं श्रेय त्या शतकालाच द्यायला हवं.

पण त्या प्रश्नाचा सगळ्यात अवघड भाग मराठी माणूस रोज बोलतो. पाहुणा आला की आपण ‘चहाबिहा’ विचारतो, ‘पाणीबिणी’ देतो. आधी शब्द पूर्ण म्हणायचा, मग पहिल्या अक्षराच्या जागी ‘बि’ घालून उरलेला भाग जसाच्या तसा पुन्हा म्हणायचा. म्हणजे शब्द लक्षात हवा, तोही क्रमाने. चार-पाच अवस्थांवर हे निभत नाही. पुढची पायरी स्टॅकची. टोपल्यात भाकरी रचाव्यात तशी स्मृती, शेवटी ठेवलेली आधी हाती येते. उघडलेला प्रत्येक कंस बंद झाला का, हे तपासायला ती उत्तम. इथे मात्र ती घात करते, कारण ‘पुस्तक’ तिच्यात रचलं तर पहिल्यांदा बाहेर येतो क. आपल्याला हवं असतं ‘बिस्तक’.

शब्दकोश ठरावीक धरला तर प्रत्येक शब्दासाठी वेगळी वाट आखून लहान यंत्रही चालवता येईल, हे खरं. पण आपण तसं बोलत नाही. कालपरवा आलेल्या यूपीआयचंही दुकानात बिनदिक्कत ‘यूपीआयबिपीआय’ होतं. आफ्रिकेतल्या बांबारा भाषेत शब्द कितीही लांबवून तो तसाच दोनदा म्हणता येतो. तिचा शब्दसंग्रह स्टॅकच्या आवाक्याबाहेर आहे हे क्रिस्टोफर क्यूली यांनी १९८५ साली सिद्ध केलं. मराठीची सिद्धता इतकी सरळ नाही, आपला शब्द तसा हवा तेवढा लांबत नाही. ती होते की नाही यावर वर्गात तासभर भांडण व्हावं, एवढा हा प्रश्न मोलाचा आहे. ए-बीच्या उदाहरणांवर मी कधी भांडण झालेलं पाहिलं नाही.

अक्षरं ओळखणारं हे यंत्र अर्थाला शिवत नाही, हेही मुलांना आधीच सांगायला हवं. ‘कन्नड’ ही माळ ते बिनचूक स्वीकारतं. ती आमच्या गावाची की कर्नाटकातल्या भाषेची, याचा त्याला पत्ता नसतो.

गेल्या वर्षी पहिला गृहपाठ दिला तो मराठी अक्षराचं यंत्र काढण्याचा. एका मुलीची आकृती नीटनेटकी होती. फळ्यावर मी दोन शब्द लिहिले: दर्या आणि दऱ्या. एक समुद्र, दुसऱ्या आमच्या गौताळा अभयारण्यातल्या. तिचं यंत्र दुसऱ्या शब्दावर अडलं नाही, पण त्याने ‘ऱ्क’ आणि ‘ऱ्त’सुद्धा खुशाल पास केले. ती जागेवर जाऊन बसली आणि शब्द आठवू लागली: वऱ्हाड, कुऱ्हाड, सुऱ्या, पायऱ्या. दहा मिनिटांनी उठून आली आणि आकृतीत नव्या अवस्थेचं एक वर्तुळ काढलं. त्यातून बाहेर पडणारे बाण दोनच होते, एक य चा आणि एक ह चा.