‘ब्लडी’ची मालकी

२००६ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारी पर्यटन संस्थेने परदेशी पाहुण्यांसाठी जाहिरात काढली. बियर ओतून ठेवली आहे, उंटांना न्हाऊमाखू घातले आहे, मग तुम्ही आहात तरी कुठे, असा तिचा लडिवाळ दरडावणीचा सूर होता. आणि त्या प्रश्नात ‘ब्लडी’ होते. ऑस्ट्रेलियात हा शब्द दोस्तीखात्यातला. ब्रिटनमध्ये मात्र टीव्हीवरच्या जाहिराती तपासणाऱ्या संस्थेने आधी हरकत घेतली आणि मग ती सैल केली. शब्द मूळचा ब्रिटनचाच, ही त्यातली गंमत. १९१४ साली लंडनच्या रंगभूमीवर शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधल्या एलायझाने तो उच्चारला तेव्हा केवढी खळबळ माजली होती! आपल्याकडे तो साहेबाच्या तोंडून आला, म्हणून आपल्या कानाला ती सरळ शिवी. मग यातला खरा अर्थ कुणाचा?

वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी हा वाद वेदातल्या शब्दांसाठी घातला होता. ‘यव’ म्हणजे कुणाच्या लेखी जव, कुणाच्या लेखी राळा. त्यांच्या शबरभाष्याने कौल दिला तो शास्त्र जाणणाऱ्यांच्या बाजूने. पण लगेच पुढे ‘पिक’ म्हणजे कोकीळ, ‘नेम’ म्हणजे अर्धा, असे आर्यांच्या वापरात नसलेले शब्द येतात. तिथे भाष्यकार व्युत्पत्तीची ओढाताण करू देत नाही; अर्थ म्लेंच्छांकडूनच घ्या म्हणतो, कारण पक्षी पाळण्या-पकडण्यात तेच अधिक जाणकार. बोलीतल्या टपोरी शब्दांना हा दुसरा न्यायच लागू पडतो. पहिल्याला शास्त्राचा आधार होता, यांना तो नाही. ऑक्सफर्डचा कोशसुद्धा वापराची नोंद ठेवतो, हुकूम काढत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग ज्याच्या मनात जो येईल तो अर्थ! तसे नाही. लुइस कॅरलच्या हम्प्टी डम्प्टीची तशी ऐट होती, पण ती एकट्याची. ‘पिस्ड’ म्हणजे इंग्लंडात झिंगलेला आणि अमेरिकेत चिडलेला, हे कुण्या एकाच्या लहरीने ठरलेले नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ऐकणारा दुखावला, तर त्याने का गप्प बसावे? इथे अर्थ आणि जबाबदारी वेगळी काढावी लागते. अर्थ बोलणाऱ्याच्या मुलखाचा. जबाबदारी मात्र आपण कुणाला उद्देशून बोलतो त्यावर. ती जाहिरात ब्रिटिश घरांसाठीही होती, तेव्हा तिथल्या कानांचा विचार करणे हे जाहिरातवाल्यांचे कामच होते, आणि तपासणाऱ्यांची हरकत मला तरी खुळी वाटत नाही. पण मेलबर्नमध्ये एक मित्र दुसऱ्याला ‘ब्लडी’ म्हणाला आणि शेजारून जाणाऱ्या पुणेकराचे कान तापले, तर त्याला दाद मागायला जागा नाही.