ईयोबाचा रानबैल आणि कॅप्रॉकचे बायसन

उत्तर टेक्सासचे सपाट माळरान किटीक्वे गावाजवळ एकाएकी संपते आणि तांबड्या दऱ्या सुरू होतात. कड्यांमधून जिप्समच्या पांढऱ्या रेघा गेलेल्या दिसतात. १९८२ साली खुले झालेले कॅप्रॉक कॅन्यन्स हे राज्य उद्यान इथेच आहे. मुलाबाळांसह आलेली कुटुंबे आपले मोटरहोम, म्हणजे स्वयंपाकघर, बिछाने आणि न्हाणीघर असलेले चाकांवरचे घर, उद्यानातल्या तळावर उभे करतात. त्याला नळाचे पाणी आणि वीज जोडून घेतात आणि दोन-चार दिवस मुक्काम करतात. टेक्सास राज्याचा अधिकृत बायसनांचा कळप याच तळावरून चरत जातो. बायसन हा आपल्याकडच्या गव्याचा दूरचा भाऊबंद; मोठा नर नऊशे किलोपर्यंत भरतो आणि मनात आले तर घोड्याला गाठतो. त्याच्यापासून ५० यार्ड, म्हणजे सुमारे ४५ मीटर, दूर राहण्याचा नियम आहे. तो पाळायचा माणसांनी, बायसनांनी नव्हे. वळू गाडीच्या दाराशी येऊन धुळीत लोळू लागला, तर घरच्यांनी आतच थांबायचे. त्याने शेपूट उभी केली की तो बिथरला आहे असे समजायचे. सुट्टीचा बेत त्याच्या सवडीने चालतो.

या थांबण्याला धर्मविचारात काय अर्थ आहे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात पहिल्याच अध्यायात देव माणसाला मासे, पाखरे आणि जनावरांवर सत्ता देतो. इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिलेल्या लेखात पर्यावरणाच्या संकटाचे मूळ बऱ्याच अंशी या शिकवणुकीत शोधले. त्यावर धर्मशास्त्र्यांचे ठरलेले उत्तर दुसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवते. तिथे माणसाला बाग मशागतीसाठी आणि राखणीसाठी सोपवलेली आहे. म्हणजे तो मालक नाही, विश्वस्त आहे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाचा भरही याच बाजूला आहे.

कॅप्रॉकच्या कळपाचा इतिहास पाहिला की मालक आणि विश्वस्त ही विभागणी इतकी सरळ राहत नाही. १८७४ साली अमेरिकी सैन्यातल्या कर्नल मॅकेन्झी यांच्या घोडदळाने जवळच्या पॅलो ड्युरो दरीत कायोवा, कोमँची आणि शायेन या मूलनिवासी लोकांच्या छावण्यांवर हल्ला केला आणि त्यांचे हजारावर घोडे पकडून गोळ्या घालून मारले. त्याच दशकात कातड्याच्या व्यापाऱ्यांनी दक्षिणेकडचे बायसन जवळजवळ संपवले. मोकळ्या झालेल्या दरीत रँचमालक चार्ल्स गुडनाइट यांनी १८७६ मध्ये गुरे आणली. दोनच वर्षांनी पत्नी मेरी अ‍ॅन यांच्या आग्रहावरून त्यांनी पोरकी झालेली बायसनची वासरे पाळायला सुरुवात केली. त्यांचेच वंशज १९९७ साली राज्याला देणगी म्हणून मिळाले. रान रिकामे होण्याचा लाभ ज्या घराला झाला, त्याच घरात दयाही सुचली. मेरी अ‍ॅन यांच्या दयेत खोट नव्हती, पण वासरांसाठी कुरण मोकळे कसे झाले याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते.

कायोवांसाठी बायसन हे देवकार्याचे अंग होते. त्याच्या मस्तकाशिवाय सूर्यनृत्याचा विधी पूर्ण होत नसे. १८८७ च्या विधीसाठी त्यांच्या वडीलधाऱ्यांना टेक्सासमध्ये जाऊन गुडनाइट यांच्याच कळपातले एक जनावर मागून आणावे लागले. त्यानंतर तो विधी पुन्हा पूर्ण झाला नाही. ज्याच्या हाती राखण असते, त्याच्यापुढे इतरांना हात पसरावा लागतो. विश्वस्तपणाच्या शिकवणुकीत ही बाजू क्वचितच येते.

बायबलमध्येच एक तिसरी वाट आहे आणि तळावरच्या प्रसंगाला तीच अधिक लागू पडते. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी वावटळीतून ईयोबाशी बोलणारा देव माणसाला प्राण्यांवर ना सत्ता देतो, ना त्यांची राखण सोपवतो. तो रानगाढव, शहामृग आणि रानबैल यांची नावे घेतो आणि रानबैलाविषयी विचारतो की, तो तुझ्या गव्हाणीपाशी मुक्काम करील काय? जिथे माणूस राहत नाही अशा भूमीवरही तो पाऊस पाडतो. अमेरिकन लेखक बिल मॅकिबन यांनी याच भाषणावर एक पुस्तक लिहिले आहे. सत्ता आणि राखण या दोन्हींत माणूस मध्यभागी असतो. ईयोबाला मात्र बाजूला व्हायला सांगितले जाते, आणि नेमके तेच दार लावून आत बसलेल्या कुटुंबाला करावे लागते.

आता आक्षेप मोटरहोमचाच. देवाला भेटायला घराबाहेर पडायचे, ही कल्पना यहुदी परंपरेत मांडवांच्या सणात आहे. सात दिवस तात्पुरत्या मांडवात राहायचे, आणि मांडवावरचे आच्छादन इतके विरळ असावे की रात्री चांदण्या दिसाव्यात. मोटरहोमचे छत पक्के, खिडक्या बंद आणि आत वातानुकूलन. म्हणून कित्येक निसर्गप्रेमी त्याला नाक मुरडतात. पण बायसनच्या बाबतीत हा आक्षेप अर्धाच खरा ठरतो. तंबूतला माणूस वळूपुढे घाबरून पळेल किंवा वेड्या धिटाईने फोटो काढायला पुढे सरसावेल. पत्र्याच्या भिंतीआड बसलेल्याला निदान स्वस्थ पाहता येते.

अवघड प्रश्न वेगळाच आहे. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या या कळपात आनुवंशिक विविधता घटली होती, म्हणून २००३ मध्ये उद्योगपती टेड टर्नर यांच्या न्यू मेक्सिकोतल्या रँचवरून तीन वळू आणून त्यात सोडण्यात आले. २०११ पासून कळप उद्यानाच्या मोठ्या भागात मोकळा फिरतो, पण भोवती कुंपण आहेच. ईयोबाच्या रानबैलाला वळू पुरवावे लागत नव्हते. माणसाने जगवलेले जनावर रानटी म्हणावे का, हे त्याच्या मुळावरून ठरवायचे की वागण्यावरून, यावर सारे अवलंबून आहे. मुळावरून ठरवले तर कॅप्रॉकचा कळप पाळीव ठरतो. वागण्यावरून ठरवले तर नाही: तो माणसाच्या हाकेला येत नाही, ओझे वाहत नाही, तळावरून कधी जायचे हेही विचारत नाही. दुसरी कसोटी अधिक रास्त वाटते, कारण पहिली लावली तर त्या माळावर आज रानटी म्हणण्याजोगा एकही बायसन उरणार नाही.