वेगमर्यादक आणि संयम

कारखान्यातच बसवलेला वेगमर्यादक ठरावीक वेगानंतर मोटारीच्या इंजिनाची ताकद रोखतो. जपानी कंपन्यांनी ही मर्यादा आपसांतल्या संकेताने ताशी 180 किलोमीटर ठेवली. 2007 साली आलेल्या निस्सान जीटी-आरच्या जपानी आवृत्तीत मात्र गाडी मान्यताप्राप्त शर्यतीच्या ट्रॅकवर असल्याचे जीपीएसने ओळखले, की चालकाला तो अडसर दूर करता येई.

इथे नीतिशास्त्राचा जुना प्रश्न उभा राहतो. यंत्राने रोखलेल्या चालकाला संयमी म्हणावे काय? वासना प्रयत्नाने आवरणारा माणूस आणि अतिरेकाची ओढच नसलेला माणूस, असा भेद ॲरिस्टॉटलने केला. यंत्राने बांधलेला चालक या दोहोंत बसत नाही, कारण त्याने निवड केलेलीच नाही. कांटच्या मते स्वतःच्या विवेकाने स्वतःला नियम घालून देणे हेच स्वातंत्र्य. त्या अर्थाने चालकाची खरी परीक्षा अडसर निघाल्यावर सुरू होते.

पण सगळ्याच मर्यादा संकेतातून येत नाहीत, आणि या प्रश्नात हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. काही गाड्यांत वेगमर्यादक टायरच्या क्षमतेनुसार ठरवलेला असतो. ‘एच’ खुणेचा टायर ताशी 210 किलोमीटरपर्यंतच प्रमाणित असतो. संकेत जागेनुसार सैल करता येतो, रबराचा गुणधर्म नाही. म्हणून टायर आणि ब्रेक त्या वेगाला पुरेसे आहेत याची खात्री झाल्याशिवाय ट्रॅकवरही वेगमर्यादक काढू नये.