ओल्या लाकडावरचा रंग



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ३८.

अर्जुनाचा प्रश्न आठवा. मनात नसतानाही, कुणी ओढून न्यावं तसा माणूस पापाकडे का जातो? भगवंत सांगतात, काम आणि क्रोध. मग तीन दाखले देतात : धुराने झाकलेला अग्नी, धुळीने मळलेला आरसा, वारेने वेढलेला गर्भ. ज्ञान असंच झाकलं जातं.

हा श्लोक मी कितीदा तरी वाचला होता. थोडा कळला तो यंदा जुलैमध्ये, मामाच्या पडवीत, एका अर्धवट होडीपुढे उभा असताना.

मामा देवगडकडे खाडीकाठी राहतो. पावसाळ्यात मासेमारी बंद, म्हणून त्याने आंब्याच्या फळ्यांची एक लहान होडी बांधायला घेतली होती. नारळी पौर्णिमेला ती पाण्यात उतरवायची आणि मामेभावाने वापरायची, असं ठरलेलं. मी मदतीला गेलो. घरी सांगितलं, वर्क फ्रॉम होम आहे. खरं तर मे महिन्यातच माझी नोकरी गेली होती.

एका रात्री पाऊस तिरका आला. घाईघाईत मी उरलेल्या फळ्या एकावर एक रचल्या आणि वर ताडपत्री घट्ट बांधली. मध्ये पट्ट्या ठेवून हवेला वाट ठेवायची असते, हे मला सांगितलेलं होतं. आठवड्याने ताडपत्री काढली तर कुबट वास, आणि फळ्यांवर करडी-काळी बुरशी.

मामा बाजारात गेला होता. मी कोरड्या फडक्याने बुरशी पुसली आणि प्रायमरचा डबा उघडला. एक हात मारला असता तर कुणालाच कळलं नसतं. ब्रश बुडवणार तेवढ्यात मामा परत आला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "रंग वाईट नाय रे झिला. सुक्या लाकडाक तो राखता. ओल्या लाकडाक तोच कुजयता."

मग त्याने समजावलं. अशी बुरशी वरच्यावर जगते, लाकडाची ताकद ती खात नाही. पण ती निरोप घेऊन येते की इथे ओल आहे. लाकडात साधारण २० टक्क्यांहून जास्त ओलावा राहिला की तिला आयतं घर मिळतं. ती ओल आत कोंडली, तर पुढे येते ती खरी कूज, आणि ती लाकूडच खाते.

आम्ही नाकाला फडकी बांधली, फळ्या बाहेर आणल्या, साबणाच्या पाण्याने घासल्या, व्हिनेगर लावलं, पुन्हा पुसलं. मग पट्ट्यांवर मोकळ्या ठेवून पंखा लावला. मामा प्रत्येक फळीत स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघत होता. सगळ्या टणक निघाल्या. एका जुन्या फळीत मात्र टोक आत गेलं, लोण्यात जावं तसं. ती होडीच्या तळाला बसणार होती.

मी त्या भोकाकडे बघत राहिलो. त्या होडीतून भाऊ खाडीत जाणार होता.

रात्री झोप येईना. इतके दिवस मी स्वतःला समजावत होतो की मी खोटं बोललो नाही, फक्त सांगितलं नाही. (तेही धड खरं नव्हतं!) आणि न सांगणं नेहमीच पाप असतं का? नसतं. प्रत्येक दुःख चव्हाट्यावर मांडायची गरज नाही. मौन रंगासारखं आहे. आतलं लाकूड कोरडं असेल, तर ते जपतं. माझं मौन ओलीवर होतं. आई-बाबांना काळजी नको, असं मी म्हणत होतो. खाली होता माझा अहंकार, हरलेला दिसायचं नाही हा हट्ट. हाच तो काम, चांगल्या हेतूचे कपडे घालून आलेला.

दाखले तीन का, तेही तेव्हा जाणवलं. धूर वाऱ्याने उडतो. वार वेळ आली की सुटते. आरशावरची धूळ मात्र आपणच हाताने पुसावी लागते.

सकाळी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वाटलंच होतं. हल्ली तू भर दुपारी निवांत फोन करायचास."

म्हणजे वास त्यांना आधीच आला होता.

फळ्या सुकायला बरेच दिवस लागले. काळसर डाग काही पूर्ण गेले नाहीत. मी घासत बसलो तर मामा म्हणाला, "डाग रवांदे. सुकला मां?" ती एक फळी बदलली. नोकरी अजून शोधतोय.

आज नाम घेताना डोळे मिटून एवढंच बघूया : मी जे झाकून ठेवलंय, ते कोरडं आहे की ओलं? ओलं असेल, तर आज एका तरी माणसापुढे ताडपत्री थोडी उघडूया. हवा आत येऊ दे, पांडुरंगा.

राम कृष्ण हरी 🌿