टीरचा उजवा हात

मार्व्हलच्या सिनेमांमुळे थॉर आणि लोकी आपल्याला शेजारच्या पोरांइतके ओळखीचे झालेत. टीर मात्र मागेच राहिला. खरं तर त्याचं नाव आपण दर आठवड्याला घेतो: 'ट्यूसडे' हा त्याचा वार. रोमनांच्या मंगळवाराला जर्मन टोळ्यांनी आपल्या या देवाचं नाव दिलं.

त्याची गोष्ट १३व्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने लिहून ठेवली. स्नोरी स्वतः ख्रिस्ती होता आणि दोनदा देशाचा 'कायदा सांगणारा' प्रमुख झाला होता. शपथ, तारण, भरपाई हे त्याचे रोजचे विषय. म्हणूनच की काय, या गोष्टीत करारमदाराचा वास येतो.

फेनरिर हा लोकीचा मुलगा, लांडगा. देवांनी त्याला आपल्याच घरी वाढवलं, पण जवळ जाऊन खाऊ घालायची हिंमत एकट्या टीरची. लांडगा वाढत चालला. भाकितं सांगत होती की हाच पुढे देवांचा घात करणार. मग "तुझी ताकद बघू या" म्हणत देवांनी त्याला दोन साखळ्या बांधल्या. दोन्ही त्याने तोडल्या. तिसरा बंध बुटक्यांकडून करून घेतला: मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची थुंकी घालून. दिसायला रेशमी फीत. लांडग्याला संशय आला. तो म्हणाला, यात कपट नसेल तर कुणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा. देव एकमेकांकडे बघत राहिले. टीरने उजवा हात पुढे केला.

फीत तुटली नाही. सगळे देव हसले, टीर सोडून. त्याचा हात गेला होता.

टीर खोटं बोलला का? बोलला, तोंडाने नाही, हाताने. तो हात म्हणजेच 'फसवणूक नाही' ही हमी होती. पण 'नरो वा कुंजरो वा' म्हणणाऱ्या धर्मराजासारखी त्याने शब्दांत पळवाट शोधली नाही. खोट्याची पूर्ण किंमत त्याने जागच्या जागी चुकवली. म्हणून आपल्याला तो आवडतो, आणि इथेच मला थोडी भीती वाटते. किंमत चुकवली खरी, पण ती लांडग्याच्या काय कामाची? त्याला हात नको होता, सुटका हवी होती. आपण सोसलं म्हणजे समोरच्यावरचा अन्याय फिटला, हा हिशेब फार सोयीचा आहे. घरोघरी चालतो तो.

आणि लांडग्याने तोवर केलं काय होतं? साखळ्या तोडल्या, त्याही देवांनीच बांधलेल्या. त्याला मारून का टाकलं नाही, याचं स्नोरीने दिलेलं उत्तर तर भन्नाट आहे: आपली पवित्र जागा रक्ताने विटाळू नये म्हणून. म्हणजे जमीन विटाळलेली चालत नाही, शब्द विटाळलेला चालतो! पुढे रॅग्नारोकच्या दिवशी हाच लांडगा सुटतो आणि ओडिनला गिळतो. भाकित खरं ठरलं, की देवांनीच ते खरं करून घेतलं?

टीरला माणसांमध्ये समेट घडवणारा मानत नाहीत, असं स्नोरी जाता जाता नोंदवतो. बरोबरच आहे, हमीदार म्हणून आता त्याला कोण बोलावणार?

बांधलेल्या फेनरिरच्या जबड्यात देवांनी तलवार उभी अडकवली. त्याच्या तोंडातून गळणाऱ्या लाळेची नदी झाली. तिचं नाव 'व्हॉन'. जुन्या नॉर्स भाषेत त्याचा अर्थ आशा.